ओमापॅट्रिलॅट: रक्तदाब उतरवला, जीभ सुजवली

१९ जुलै २००२ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, म्हणजे एफडीएच्या, सल्लागार समितीपुढे बीपीची एक नवी गोळी मंजुरीसाठी आली होती. ती एनालाप्रिल या बीपीच्या जुन्या गोळीपेक्षा रक्तदाब जास्त उतरवते, याबद्दल समितीत फारसा वाद नव्हता. चाचणीही किरकोळ नव्हती. पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांवर ती झाली होती. तरीही समितीने पाच विरुद्ध एक मताने नकार दिला. गोळीचं नाव ओमापॅट्रिलॅट. बाजारासाठी ‘वॅनलेव्ह’ हे नाव ठरलेलं होतं आणि कंपनी होती ब्रिस्टल-मायर्स स्क्विब. ही गोळी अडली ती ब्रॅडिकायनिन या नऊ अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीमुळे. ती साखळी रक्तात अर्धं मिनिटही धड टिकत नाही.

औषधशास्त्र शिकवताना ब्रॅडिकायनिन बहुतेक एका तासात उरकलं जातं: रक्तवाहिन्या रुंदावतं, वेदना वाढवतं, सूज आणतं, पुढचा विषय. ओमापॅट्रिलॅटचं प्रकरण नीट वाचलं की हा रेणू इतक्या घाईत उरकण्यासारखा नाही हे पटतं.

आधी हा रेणू कुठून येतो ते पाहू. यकृतात तयार होणारं किनिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात सतत फिरत असतं. दुखापत झाली, जंतुसंसर्ग झाला, ऊती चिरडल्या गेल्या की कॅलिक्रीन हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि किनिनोजेनमधून ब्रॅडिकायनिनचा तुकडा कापून काढतं. हा तुकडा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच्या बी-२ ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतो. मग अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सुटतात, वाहिनी सैलावते आणि बारीक शिरांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून किंचित सुट्या होतात. त्या फटींतून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेरच्या ऊतीत पाझरतात. हीच सूज. जवळच्या मज्जातंतूंची टोकंही चेतवली जातात, म्हणून दुखतं. दाह बराच काळ चालला तर बी-१ नावाचे दुसरे ग्राहक तयार होतात. एरवी ते जवळपास नसतातच. जुनाट दाहातली वेदना रेंगाळते, त्यात त्यांचा वाटा आहे.

हे सगळं शरीराच्या उपयोगाचंच आहे. पण काम झाल्यावर ब्रॅडिकायनिन ताबडतोब मोडलं गेलं पाहिजे, आणि ते मोडणारी विकरं शरीराने एकावर एक ठेवली आहेत. सगळ्यात मोठं काम एसीई, म्हणजे अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम करतं. त्याखालोखाल नेप्रिलायसिन, अमिनोपेप्टिडेज-पी, कार्बोक्सिपेप्टिडेज-एन आणि डीपीपी-४. ही यादी लक्षात ठेवा. पुढचं सगळं प्रकरण हिच्यातली कोणती नावं औषधाने खोडली यावर फिरतं.

आता थोडं मागे जायला हवं, कारण ब्रिस्टल-मायर्स स्क्विबचं ब्रॅडिकायनिनशी असलेलं नातं जुनं होतं. १९४०च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलमधल्या साओ पाउलोत मॉरिसिओ रोशा ए सिल्वा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताओ रोझेनफेल्ड यांनी ‘जराराका’ या तिथल्या विषारी सापाचं विष कुत्र्याच्या रक्तद्रवात मिसळलं. त्यातून निघालेल्या पदार्थाने गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा हळूहळू आकसायला लागला. ते ब्रॅडिकायनिन होतं. पुढे सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात असा घटक सापडला की त्याच्यामुळे ब्रॅडिकायनिनचा परिणाम कैक पटींनी वाढत होता. हा घटक घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे १९६८ च्या सुमारास वाय. एस. बखले (आडनाव ओळखीचं वाटलं तर नवल नाही) यांनी दाखवून दिलं की हे अर्क कुत्र्याच्या फुप्फुसातल्या एसीईलाही अडवतात. एसीई रोखलं की रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ कमी बनतं आणि त्या सैल करणारं ब्रॅडिकायनिन जास्त वेळ टिकतं. म्हणजे दाब दोन्हींकडून उतरतो. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी याच तत्त्वावर तोंडाने घेता येईल अशी गोळी घडवली. ती कॅप्टोप्रिल. अमेरिकेत १९८१ साली तिला मंजुरी मिळाली. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल ही पुढची सगळी भावंडं. १९८९ साली स्क्विबचं ब्रिस्टल-मायर्सशी विलीनीकरण झालं. कॅप्टोप्रिल ज्या घरात जन्मली त्याच घरात ओमापॅट्रिलॅटही जन्मली.

कॅप्टोप्रिलच्या भावंडांचे दोन दुष्परिणाम तोवर डॉक्टरांना पाठ झाले होते. एक कोरडा खोकला. थुंकी नाही, ताप नाही, घशात नुसती खवखव, गोळी बंद केली की काही आठवड्यांत गायब. दुसरा अँजिओइडीमा, म्हणजे ओठ, जीभ, गाल, कधी घसा अचानक सुजणं. खोकला बऱ्याच जणांना होतो. अँजिओइडीमा हजारात एक ते सात जणांना. दोन्हींच्या मुळाशी न मोडलेलं ब्रॅडिकायनिन असतं. खोकल्याने रुग्ण वैतागतो. अँजिओइडीमाने जीव जाऊ शकतो.

आखणी आणि तिच्यातली फट

नव्वदच्या दशकात नेप्रिलायसिनकडे लक्ष गेलं. हृदयावर ताण पडला की हृदय नॅट्रियुरेटिक पेप्टाइड नावाची संप्रेरकं सोडतं. ती मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतात आणि वाहिन्या सैलावतात. नेप्रिलायसिन ही संप्रेरकं मोडतं. मग नेप्रिलायसिनच रोखलं तर? तसं औषध करूनही पाहिलं गेलं, पण एकट्याने दाब धड उतरेना. कारण नेप्रिलायसिन अँजिओटेन्सिन-२ सुद्धा मोडतं, आणि ते अडवल्यावर एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जाऊ लागलं. यावर उपाय उघड होता: एकाच रेणूने एसीईही अडवायचं आणि नेप्रिलायसिनही. ओमापॅट्रिलॅट हा तोच रेणू.

कागदावर हिशेब देखणा आहे. अँजिओटेन्सिन-२ कमी, नॅट्रियुरेटिक पेप्टाइड जास्त, दाब खाली. पण वरची यादी पुन्हा पाहा. ब्रॅडिकायनिन मोडणाऱ्या विकरांतली पहिली दोन नावं हीच आहेत. टाकीचा निचरा करणाऱ्या दोन मोठ्या नळ्या एकाच वेळी बुजवल्या तर पाणी चढणार, आणि उरलेल्या बारीक नळ्यांना ते झेपेलच असं नाही. त्यात भर म्हणजे नंतरच्या प्रयोगांत दिसलं की ओमापॅट्रिलॅट अमिनोपेप्टिडेज-पीलाही अडवतं. म्हणजे तिसरी वाटही बंद.

हे रसायन कंपनीला ठाऊक नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. एसीई आणि नेप्रिलायसिन दोन्ही ब्रॅडिकायनिन मोडतात हे जुनं ज्ञान होतं, आणि वाढलेलं ब्रॅडिकायनिन दाब उतरवायला मदतच करेल असा विचारही तेव्हा होता. तो चूकही नव्हता. प्रश्न होता तो इतकाच, की दाब उतरवण्याइतकं ब्रॅडिकायनिन आणि जीभ सुजवण्याइतकं ब्रॅडिकायनिन यांत अंतर किती. प्रत्येक माणसात हे अंतर वेगळं असतं, आणि ते गोळी देण्याआधी मोजायची सोय तेव्हा नव्हती. आजही नाही.

२००० सालची पहिली ठेच

१९९९ च्या अखेरीस कंपनीने मंजुरीसाठी अर्ज केला. तोवरच्या चाचण्यांत अँजिओइडीमाचे रुग्ण दिसले होते. काहींना श्वासनलिकेत नळी घालावी लागली होती. एफडीएने शंका काढल्या आणि एप्रिल २००० मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

इथे कंपनीच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. तिने आकडे झाकून ठेवायची वाट धरली नाही. प्रश्न जेवढा मोठा तेवढीच मोठी चाचणी घ्यायचं ठरवलं. तिचं नाव ‘ऑक्टेव्ह’. २५,३०२ रुग्ण, चोवीस आठवडे, अर्ध्यांना ओमापॅट्रिलॅट आणि अर्ध्यांना एनालाप्रिल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. सुरुवातीचा डोस मुद्दाम कमी ठेवला, दहा मिलिग्रॅम. हळूहळू चढवलं तर सूज टळेल ही आशा त्यामागे होती. गरजेप्रमाणे डोस ऐंशीपर्यंत न्यायचा होता. सूज आली की तो अँजिओइडीमाच होता का हे वेगळी तज्ज्ञ समिती ठरवणार, आणि तिलाही गट माहीत नाही. दुष्परिणाम मोजण्यासाठी एवढ्या आकाराची चाचणी क्वचितच घेतली जाते. औषध पडलं, तरी चाचणीची मांडणी आजही विद्यार्थ्यांनी वाचावी अशी आहे.

निकाल असा आला. आठव्या आठवड्यापर्यंत ओमापॅट्रिलॅटच्या गटात वरचा दाब एनालाप्रिलपेक्षा सरासरी सुमारे साडेतीन मिलिमीटरने जास्त उतरला. जोडीला दुसरी गोळी सुरू करावी लागलेले रुग्णही कमी. आणि अँजिओइडीमा? एनालाप्रिलवर ८६ जणांना, म्हणजे ०.६८ टक्के. ओमापॅट्रिलॅटवर २७४ जणांना, म्हणजे २.१७ टक्के. तिपटीहून जास्त. कृष्णवर्णीय रुग्णांत हे प्रमाण ५.५४ टक्क्यांवर गेलं, जवळपास अठरा जणांमागे एक. त्याच लोकांत एनालाप्रिलवर ते १.६२ टक्के होतं. धूम्रपान करणाऱ्यांतही जोखीम चढलेली दिसली. ओमापॅट्रिलॅटच्या गटात दोघांची श्वासाची वाट धोक्यात आली, एनालाप्रिलच्या गटात कोणाचीच नाही. अनेक घटना अगदी सुरुवातीच्या दिवसांतल्या होत्या. कमी डोसपासून सुरुवात करूनही सूज टळली नव्हती.

दोन टक्के हा आकडा छोटा वाटतो. पण बीपीची गोळी लाखो लोक घेतात. दहा लाख लोकांनी ही गोळी सुरू केली असती, तर याच दराने सुमारे २१,७०० जणांना सूज आली असती आणि दीडशेच्या आसपास लोकांचा श्वास अडकला असता. त्यातले किती वेळेत दवाखान्यात पोहोचले असते, हे चाचणीतल्या रुग्णांवरून सांगता येत नाही. चाचणीतल्या रुग्णाला फोन नंबर दिलेला असतो, लक्षणं समजावलेली असतात.

अशी सूज दिसते कशी

कॅज्युअल्टीत काम केलेल्या कोणालाही हे दृश्य परकं नाही. सकाळी उठल्यावर खालचा ओठ जड वाटतो. तासाभरात तो इतका ताठ होतो की बशीला लावता येत नाही. कातडीचा रंग नेहमीचाच. अंगावर गांध्या नाहीत, खाज नाही. विचारलं तर नवं काही खाल्लेलं नाही, काही चावलेलं नाही. मग जीभ भरायला लागते. बोलणं तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं होतं आणि लाळ गिळता येत नाही. आवाज बदलला किंवा लाळ ओघळायला लागली की समजायचं, सूज घशाकडे सरकते आहे. बाहेरून दिसणाऱ्या ओठापेक्षा न दिसणाऱ्या घशाची धास्ती जास्त.

गांध्या आणि खाज नसणं ही यातली महत्त्वाची खूण. अ‍ॅलर्जीची सूज हिस्टामिनमुळे येते, म्हणून अ‍ॅव्हिल, हायड्रोकॉर्टिसोन आणि अ‍ॅड्रिनलिन दिल्यावर उतरते. ब्रॅडिकायनिनची सूज या औषधांना दाद देत नाही, किंवा इतकी थोडी देते की तिच्या भरवशावर बसता येत नाही. निदानाबद्दल शंका असेल तेव्हा अ‍ॅड्रिनलिन द्यायला कोणी कचरू नये. पण इंजेक्शन टोचून रुग्णाला कोपऱ्यातल्या खाटेवर नेऊन ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर जवळ हवेत, आणि नळी घालायची तर सूज वाढण्याआधी. संशयित गोळी त्याच क्षणी बंद, आणि कायमची बंद. ‘आधीही ही गोळी घ्यायचो, काही झालं नाही’ या वाक्यावर विसंबू नये. एसीई रोखणाऱ्या गोळ्यांमुळे वर्षानुवर्षांनंतरही पहिली सूज येऊ शकते.

समितीचा हिशेब

कंपनीचा युक्तिवाद असा होता: दाब आणखी तीन मिलिमीटरने उतरला तर लाखो लोकांत पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके किती टळतील याचा विचार करा. त्यापुढे सूज तात्पुरती, बरी होणारी. शिवाय इतर औषधांनी दाब आटोक्यात न येणाऱ्यांपुरतीच ही गोळी ठेवता येईल.

लोकसंख्येच्या पातळीवर हा हिशेब खोटा नाही. पण तो समितीला पटला नाही, आणि माझ्या मते साध्या रक्तदाबापुरतं समितीचंच बरोबर होतं. टळलेले झटके हे अंदाज होते. ऑक्टेव्हमध्ये ते मोजलेले नव्हते. मोजलेली होती ती सूज. आणि तीन मिलिमीटर मिळवायला इतर वाटा होत्या: थोडंसं पाणी काढणारं औषध, किंवा अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची दुसरी गोळी. ज्याला काहीही त्रास नाही, निव्वळ मापात दाब जास्त आहे म्हणून गोळी घेतो आहे, अशा माणसाला जीभ सुजण्याची पन्नासात एक शक्यता कशी देणार? शिवाय जोखीम जास्त असलेला कृष्णवर्णीय समाज अमेरिकेत रक्तदाबाने सर्वांत गांजलेल्यांपैकी आहे. ज्याला औषधाची गरज जास्त, त्याच्यासाठीच ते जास्त घातक.

हृदय निकामी होत आलेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचा हिशेब वेगळा ठरू शकला असता. तिथे मरण जवळ असतं आणि जोखीम पत्करायची तयारीही जास्त असते. ‘ओव्हर्चर’ या चाचणीत अशा ५,७७० रुग्णांत ओमापॅट्रिलॅटची गाठ पुन्हा एनालाप्रिलशी घातली गेली. मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती यांत थोडी घट दिसली, पण ती योगायोगाच्या पलीकडची म्हणता येईल इतकी नव्हती. अँजिओइडीमा ०.८ विरुद्ध ०.५ टक्के. तिथे दुसरं दारही बंद झालं आणि ओमापॅट्रिलॅट कधी बाजारात आलीच नाही.

त्याच कल्पनेची दुसरी फेरी

नेप्रिलायसिन रोखण्याची कल्पना मात्र मेली नाही. नोव्हार्टिसने साकुबिट्रिल हे नेप्रिलायसिन अडवणारं औषध वालसार्टनशी जोडलं. वालसार्टन एसीईला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन-२ ज्या ग्राहकावर बसतं तो ग्राहक ते झाकतं. त्यामुळे अँजिओटेन्सिनचा बंदोबस्त होतो आणि ब्रॅडिकायनिन मोडायला एसीई मोकळं राहतं. ओमापॅट्रिलॅटच्या आखणीतला एकच भाग बदलला होता, आणि नेमका तोच बदलायला हवा होता.

२०१४ साली ‘पॅराडाइम-एचएफ’ चाचणीचे निकाल आले. सुमारे ८,४०० रुग्ण, समोर पुन्हा एनालाप्रिल. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती हे प्रमाण २६.५ टक्क्यांवरून २१.८ टक्क्यांवर आलं. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. अँजिओइडीमा १९ जणांना, एनालाप्रिलवर १० जणांना, आणि श्वास कोणाचाही अडकला नाही. मात्र हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाचणीत घेण्याआधी प्रत्येकाला दोन्ही औषधं काही आठवडे देऊन पाहिली होती, म्हणजे ज्यांना ती सोसत नाहीत असे लोक आधीच गळाले होते. कृष्णवर्णीय रुग्णही थोडेच होते. २०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती एका सक्त अटीसह: एसीई रोखणारी गोळी आणि ही गोळी यांच्यात किमान ३६ तासांचं अंतर. दोन्ही एकत्र घेतल्या, तर रुग्णाच्या पोटात हाताने बनवलेली ओमापॅट्रिलॅटच तयार होते.

ब्रॅडिकायनिनची सूज उलटवायचं औषधही दरम्यान आलं. इकॅटिबंट बी-२ ग्राहकच झाकून टाकतं, त्यामुळे ब्रॅडिकायनिन कितीही असलं तरी त्याला बसायला जागा मिळत नाही. आनुवंशिक अँजिओइडीमाच्या रुग्णांसाठी ते वरदान ठरलं. एसीई रोखणाऱ्या गोळ्यांमुळे आलेल्या सुजेवर मात्र कथा सरळ राहिली नाही. जर्मनीतल्या २७ रुग्णांच्या चाचणीत सूज पूर्ण उतरायला लागणारा वेळ २७ तासांवरून ८ तासांवर आला, आणि सगळे हरखले. मग १२१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत पाणी ऊतीत पाझरून गेलेलं असतं, ग्राहक झाकून ते लगेच परत येत नाही, हे त्याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे. छोट्या चाचणीवर भाळू नये, हेही खरंच.

आपल्या चिठ्ठीवर

साकुबिट्रिल-वालसार्टनच्या गोळ्या २०२३ पासून भारतात अनेक कंपन्यांच्या मिळू लागल्या, किंमत उतरली आणि त्या तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्येही पोहोचल्या. रामिप्रिल आणि एनालाप्रिल तर कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यामुळे गोळी बदलण्याची वेळ वारंवार येते, आणि ३६ तासांची अट मोडण्याची शक्यताही तिथेच असते. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी नवी चिठ्ठी दिली, पण घरी डब्यात जुनी रामिप्रिलची पट्टी अर्धी शिल्लक आहे. ती वाया कशाला घालवायची म्हणून आजोबा सकाळी ती आणि रात्री नवी घेतात. चिठ्ठीवर नवीन गोळीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. जुनी बंद करायची हे कुठेच लिहिलेलं नसतं. लिहायला हवं, जुन्या गोळीच्या नावासकट, आणि कोणत्या दिवशी कितीच्या सुमाराला पहिली नवी गोळी घ्यायची तेही.

दुसरी जोडी मधुमेहाची. विल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही औषधं डीपीपी-४ अडवतात, आणि डीपीपी-४ वरच्या यादीतलं शेवटचं नाव आहे. एकट्या विल्डाग्लिप्टिनने अँजिओइडीमा वाढलेला दिसला नाही. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, एसीई रोखणारी गोळी आधीच चालू असलेल्यांत विल्डाग्लिप्टिनमुळे हा धोका साडेचार पटींच्या आसपास वाढलेला आढळला. मुळात धोका छोटा असल्याने ही जोडी सरसकट टाळायचं कारण नाही. फक्त ओठ सुजून आलेल्या मधुमेही रुग्णाला ‘काल काय खाल्लं’ असं विचारण्याआधी त्याच्या गोळ्यांचा डबा टेबलावर ओतून पाहावा. त्यात रामिप्रिल दिसली, तर ती पुन्हा कधीही सुरू करायची नाही आणि साकुबिट्रिलची गोळीही त्याला कधी द्यायची नाही. हे त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवावं, आणि घरच्यांना तोंडी सांगावं.